प्रार्थनेचा विषय

२ सप्टेंबर, रविवार

सतरा मुलं आणि एक खडू, तोही अर्धा! चर्चमधल्या संडेस्कूलच्या खोलीत पुन्हा मोठ्यांच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. मुलांनी बसायचं कुठे, माझ्या डोक्यावर? पाळकसाहेब म्हणतात, "बाई, वर्धापनदिन तोंडावर आलाय, जरा सांभाळून घ्या." त्या दिवशी प्रत्येक मुलाने बायबलमधली दहा वचनं धडाधड म्हणून दाखवायची म्हणे. पोर माणूस म्हणून कसं घडतंय, याची कोणाला पडलीय!

त्यात आमची वकीलबाई. वय नऊ, तोंड नव्वदीचं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट रंगात आलेली, तर हिचा हात वर — "बाई, बाकीच्या नव्याण्णव मेंढरांना तो मेंढपाळ कोणाच्या भरवशावर सोडून गेला?" वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले, मग रागावले.

सुटल्यावर ती मागे थांबली. सँडलचा पट्टा लावत, खाली बघूनच म्हणाली, "बाई, बाबा आता आत्याकडे राहतात. परत येतील म्हणून प्रार्थना कराल?" करीन म्हटलं, जवळ घेतलं. आख्ख्या आठवड्यात कामाची एवढी एकच गोष्ट झाली.

७ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षकांची प्रार्थनासभा. नेहमीप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या वर्गातले प्रार्थनेचे विषय सांगितले, मग डोळे मिटले. मी वकीलबाईच्या घरचं सगळं सांगितलं. पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरावर केवढं ओझं!" ऑर्गनवाले मास्तरही हळहळले. प्रार्थना मनापासून झाली. हलकं हलकं वाटतंय.

९ सप्टेंबर, रविवार

काय चाललंय या चर्चच्या मंडळीत? फाटकातच चार बायका वकीलबाईच्या डोक्यावरून हात फिरवत उभ्या. एक तर सरळ, "बाबा आले का गं घरी?" सगळ्यांदेखत! तिचे बाबा उपासनेत शास्त्रपाठ वाचतात. आज त्यांची पाळी होती. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, तर त्यांच्याऐवजी वाचायला भलताच उठला. ते अर्ध्या उपासनेतून निघून गेले.

वर्गात पोरीने एकदाही हात वर केला नाही. गेल्या रविवारी घडाघडा म्हटलेलं वचन आज "येत नाही." मी चिडले. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून ओरडले सुद्धा.

१० सप्टेंबर

पाळकबाईंना फोन करून चांगलंच सुनावलं. तर म्हणतात, "मी कुठे कोणाला सांगितलं? महिलामंडळात प्रार्थनेसाठी ठेवलं, एवढंच." मास्तरांनी गायनमंडळात ठेवलं — तेही प्रार्थनेसाठीच! चहाड्या करणाऱ्याला निदान लाज तरी वाटते. हे तर डोळे मिटून, हात जोडून!

नवऱ्याला सगळं सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "आणि त्यांना कोणी सांगितलं?"

"मी प्रार्थनेसाठी सांगितलं!"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, बघ."

भांडी जरा जास्तच आदळली मी. बोलत नाहीये त्याच्याशी.

१६ सप्टेंबर, रविवार

आली नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

तिच्या घरी गेले. आई नर्स आहे, ड्यूटीवरून नुकतीच आलेली, अंगावर युनिफॉर्म तसाच. दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाली नाही.

"बाई, तिच्या बाबांनी तिला फोनवर झापलं. घरातलं बाहेर का सांगितलंस म्हणून. तेव्हापासून पोरगी माझ्याशीपण बोलत नाही. शाळेत काय झालं? काही नाही. पोटात दुखतंय का? काही नाही." आणि मग, "रात्रपाळीला जाताना मला तिच्या बोलण्याचाच आधार असायचा. काय खुपतंय ते कळायचं तरी. आता कसं कळणार मला?"

आत कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला. जिने कशी उतरले, देव जाणे.

१९ सप्टेंबर

मी सांगितलं. मीच! तिने मला विचारलं होतं, "प्रार्थना कराल?" मला एकटीला. देवाला काय पाच जणांची सही लागत होती? मेल्या माझ्या जिभेला हाड नाही. आणि वर त्या पोरीवरच ओरडले!

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सभेत म्हटलं, "वर्गाचा विषय नाही. आज माझाच आहे." सगळं सांगून टाकलं. आणि यापुढे कुठल्याही मुलाच्या घरचं इथे बोलायचं नाही, असंही.

पाळकसाहेब म्हणाले, "मग ओझं वाटून कसं घ्यायचं, बाई?"

"ज्याचं ओझं आहे त्याला विचारून."

पाळकबाईंचा चेहरा उतरला. "आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"माझा माझ्यावरच नाही," म्हटलं. मास्तर खोकत बसले. नंतर चहाला कोणी थांबलं नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकानात गेले. "लेकीवर राग काढू नका. तिने देवाला सांगायला माझ्याकडे दिलं, मी मंडळीत वाटलं. चूक माझी." डोळ्यावरचं भिंग न काढता त्यांनी एक बारीकसा स्क्रू बसवला. "आता काय उपयोग, बाई?"

खरंच आहे. तरीपण म्हटलं, "तुम्ही तिला एवढं सांगा, की तिची चूक नव्हती." त्यांनी पुढचं घड्याळ उघडलं.

पोरीसाठी चार ओळींची चिठ्ठी आईच्या हातात देऊन आले. आईने घेतली, एवढंच.

२३ सप्टेंबर, रविवार

आली नाही. वर्धापनदिनाची तालीम. सोळा मुलं, दहा वचनं, एकही चूक नाही. पाळकसाहेब खूश! मला वीट आला. तासभरात एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. आणि हे मला आधी कधी खटकलंही नव्हतं. कसली शिक्षिका मी!

३० सप्टेंबर, रविवार

आली. तास सुटल्यावर दाराशी घुटमळली. "बाई, कोणाला सांगणार नाही ना?"

"तुला विचारल्याशिवाय नाही."

पाऊण तास बोलत होती. शेवटी म्हणाली, "हे आईला सांगायचंय. तुम्ही बरोबर याल?" गेले. या वेळी दार पूर्ण उघडलं.

ती काय बोलली, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.