उलटी लावलेली फांदी

१४ जुलै, मंगळवार. उमरगा

पंधरा दिवस झाले, आईच्या गुलाबाच्या फांदीला एकही डोळा फुटला नाही. आई गेल्यावर सास्तूरच्या घरी भिंत बांधताना ते झाडच तोडलं. अक्कानं तेवढी एक फांदी वाचवून मला पाठवली. टोकाला शेणाचा गोळा, आई लावायची तसाच.

आज शेवटी अक्कालाच फोन केला. तिनं विचारलं, "शेण कुठं हाय?"

"मातीत. खत म्हणून."

अक्का म्हणाली, "अगं, शेण वरच्या टोकाला असतंय, कापलेलं सुकू नये म्हणून. तू उलटी लावलीस की."

आई फांद्या लावायची तेव्हा पाण्याचा तांब्या धरून मीच शेजारी उभी असायचे. एकदा तरी नीट बघितलं का मी? खेळायला कधी सुटते, एवढंच डोक्यात.

फांदी उपटली. मुळं नाहीत, पण नखानं खरवडलं तर साल आतून अजून हिरवी. सुलटी लावली. शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण आणून वरच्या टोकाला थापलं. लागेल का, कुणास ठाऊक.

बोटांना आईच्या हाताचा वास येतोय. जेवायची वेळ झाली, तरी हात धुतले नाहीत.