धाकटा म्हणाला, धरून ठेव

४ फेब्रुवारी २००८, स्लायगो, आयर्लंड
शेअर पुन्हा घसरले. डेक्लनला फोन केला. धाकटा भाऊ बँकेत मॅनेजर, आणि माझे सगळे शेअर त्याच बँकेचे — विचारायचं तर त्यालाच. तो हसला. म्हणाला, रोज भाव बघत बसू नकोस, बाजार खालीवर होणारच. "धरून ठेव, नोरीन. घाबरून विकतात तेच बुडतात."
धरून ठेवले.

११ फेब्रुवारी
पेपरातलं शेअरच्या भावांचं पान न वाचताच शेगडीत घातलं. बरं वाटलं.

१९ मार्च
परवा सेंट पॅट्रिकची मिरवणूक चालू होती, तिकडे शेअर कोसळले. आज डेक्लन स्वतःच आला. चहा घेतला, सोडा ब्रेडचे दोन जाड तुकडे खाल्ले आणि मला समजावत बसला — स्वस्त झालेत तर आणखी घे, खरेदीची सरासरी खाली येईल. नवरा गेल्यावर, मायकेल ज्या क्रीमरीत, म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात होता, तिने दिलेले पैसे पोस्टात होते. त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. मी कप विसळायला उठले, तर म्हणाला, "माझेही त्यातच आहेत ना गं. बुडलो तर दोघं बुडू."
उद्या पोस्टात जाते.

२ मे
आणखी खाली. पान आता रोज वाचते.

८ जून, रविवार
डेक्लनकडे जेवायला गेले होते. त्याच्या बायकोने, कारमेलने, नवं स्वयंपाकघर दाखवलं — काळा दगडी ओटा, दोन ओव्हन. मी म्हटलं, या दिवसांत कसं जमवलंत? ती सहज बोलून गेली, "जानेवारीत शेअर विकले ना याने सगळे. नशीबच म्हणायचं."
जानेवारीत!
तो मागच्या अंगणात कोळसा भरत होता. विचारलं. त्याने बादली खाली ठेवली नाही. सगळे विकायला लागले तर बँकच बसेल, म्हणून वरून हुकूम होता, येईल त्याला धरून ठेवा सांगायचं, असं काहीबाही बोलला.
मी म्हटलं, "येईल त्याला. आणि मी?"
"तुला वेगळं सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस, नोरीन."
त्याला शाळेत मी नेऊन सोडायची. हात धरून. न जेवताच निघाले. कारमेल विचारत राहिली, काय झालं.

२२ जून
चर्चमध्ये तो दोन बाकं मागे होता. मी मान वळवली नाही.

१४ ऑगस्ट
आता नदीकाठच्या फ्लॅटमधले पैसे तरी वाचवायचे. तो फ्लॅटही डेक्लनच्याच सल्ल्याने घेतलेला. पोलिश भाडेकरू मे महिन्यातच मायदेशी परतले, तेव्हापासून रिकामा. एजंट म्हणाला, लवकर विकून टाका. आवाज खाली आणून सांगितलं — बिल्डर उरलेले अकरा फ्लॅट पुढच्या महिन्यात एकतृतीयांश कमी भावाने विकायला काढणार आहे. अजून कुणाला माहीत नाही.

३ सप्टेंबर
फ्लॅट बघायला शिनेड आली. चौथीत मी तिला शिकवलं होतं, आता स्वतःच शिक्षिका झाली आहे. डिसेंबरात लग्न. खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली, पलंग कुठे येईल ते पावलांनी मोजलं. आवडला होता, पण धीर होत नव्हता. पेपरात लिहितात भाव अजून उतरतील, कुणी म्हणतं हीच वेळ. आईने तिला सांगून पाठवलं होतं — मिसना विचार, त्या खरं तेच सांगतील.
"मिस, मी अजून थांबू का?"
उद्या सांगते म्हटलं.

५ सप्टेंबर
शिनेडने आज विसार दिला. मी तिला सांगितलं, थांबू नकोस, भाव याहून खाली जाणार नाही. तिने मला मिठी मारली.