बाहेरचे दोघे

३ जून

तेर्झिएव्हवर माझा विश्वास नाही. आज पक्कं झालं.

इस्पितळाच्या नीतिसमितीत बाहेरचे असे आम्ही दोघंच — मी, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, आणि हा वकील ओग्न्यान तेर्झिएव्ह. बाकी सगळे इथलेच डॉक्टर. आम्ही कुणाचं मीठ खाल्लेलं नाही, म्हणून तर आम्हाला घेतलं.

हृदयाच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे. गोळी घेणाऱ्यांपैकी तिघांचं यकृत बिघडलं. चाचणी थांबवायची की नाही, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, थांबवा. तर हा म्हणतो, आधी प्रत्येकाचे रक्ताचे अहवाल दाखवा, तोवर मी मत देणार नाही. झालं — ढकललं पुढच्या बैठकीवर! वकिली टाळाटाळ. तोवर लोक गोळ्या गिळताहेत.

आणि सुरुवातीला अध्यक्ष कानेलोवाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, कुणाचा या कंपनीशी काही संबंध? आम्ही एकेक जण 'नाही' म्हणत गेलो. तो काहीच बोलला नाही. कुणी टोकलंही नाही.

९ जून

आज मिठाईच्या दुकानात दिसला. समोर कोण? रादोस्तिना पेएव्हा — कंपनीचे कागद घेऊन समितीकडे येते, तीच बाई. हसत होते दोघं. त्यानं आपल्या काट्यानं तिच्या ताटलीतला केक उचलला. परक्या बाईच्या ताटलीत कुणी काटा घालत नाही.

१० जून

ल्युबेनला सांगितलं. नाव नाही घेतलं, नवरा असला तरी. तर म्हणतो, "अगं, माणूस केक खात होता. शाळा सुटली, पण कॉपी पकडायची खोड काही सुटत नाही तुझी."

सुटूही नये.

१४ जून

कानेलोवाबाईंकडे गेले. डॉक्टर असून जरा तोरा नाही. कॉफी केली, सगळं शांतपणे ऐकलं. नियम त्यांनाही तोंडपाठ आहे, मलाही — कंपनीशी नातं असेल तर आधी सांगायचं आणि चर्चेच्या वेळी बाहेर जायचं.

मी म्हटलं, मग आत्ताच विचारा त्याला. बदली वकील आहे यादीत, त्याला बोलवा. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"एकट्यात विचारलं तर काहीतरी जुळवून आणेल तो. तुम्हीच विचारा, झ्द्राव्का. बैठकीत, सगळ्यांसमोर."

निघताना माझा हात हातात धरला. बरं वाटलं. निदान एक माणूस सरळ आहे तिथं.

१ जुलै

विचारलं.

तेर्झिएव्ह अहवालांचा गठ्ठा घेऊन आला होता, पानापानांत रंगीत चिठ्ठ्या. मी उभी राहिले. पेएव्हाबाई तुमच्या कोण?

"माझी मावसबहीण."

त्यानं कानेलोवाबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, नियम तो नियम, वकीलसाहेब. तो उठला. गठ्ठा टेबलावरच ठेवून गेला. खरं सांगते, छाती फुगली माझी.

आणि मग बाई म्हणाल्या, वकील हजर नसेल तर समितीचा कुठलाच निर्णय धरला जात नाही. आज मत नाही. ऑगस्टात सगळे रजेवर, म्हणजे सप्टेंबर. तोवर चाचणी आहे तशीच चालू. मी म्हटलं, बदलीवाल्याला फोन करा. त्या म्हणाल्या, ते बैठकीआधी करायचं असतं.

त्याचे कागद बाईंनी स्वतःच गोळा केले.

२ जुलै

आता कळलं. मुद्दाम गेला तो बाहेर! भांडला नाही, बाजू मांडली नाही. आपण जायचं आणि बैठकच मोडायची. साप आहे.

१९ जुलै

यकृत बिघडलेली चौथी. ट्रॉलीबस चालवणारी बाई, पन्नाशीही नाही. पिवळी पडून अतिदक्षता विभागात आहे. वाचेल का, कुणी सांगत नाही.

कानेलोवाबाईंना फोन केला. हळू आवाजात म्हणाल्या, वाईट झालं, पण आपले हात बांधलेले आहेत. मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. काय करायला तिथं गेले होते, आठवेना.

त्या सापाला सोडणार नाही. तोंडावर सांगणार.

२१ जुलै

सांगितलं. तेर्झिएव्हनं सगळं ऐकून घेतलं, मग मला बसायला खुर्ची दिली.

"बहिणीचं मी कानेलोवाबाईंना मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हटलं, बदली बोलवा. त्या म्हणाल्या, एवढ्याशा नात्यानं काय होतंय, बसा तुम्ही. मग जूनमध्ये अहवाल वाचले आणि त्यांना कळवलं, मी चाचणी थांबवा म्हणणार आहे."

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"काय बोलणार? तुम्ही चूक नव्हता. मी पहिल्या दिवशीच उठायला हवं होतं." मग त्यानंच विचारलं, "सगळ्यांसमोर विचारा, हे कुणी सुचवलं तुम्हाला?"

मी नाव सांगितलं.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं सोफियाला निघतोय, सरकारी औषध खात्याकडे. ती ट्रॉलीबसवाली बाई अजून शुद्धीवर नाही.