सेटवरचे सगळे माझं ऐकतात

सोमवार, ३ मार्च
मले न विचारता फ्रिजवर काळं डबडं उभं केलं. माझ्या पानाच्या डब्याची जागा. सून नूतन विमानतळावर धावपट्टीकडचं गवत अन् दिवे पाहणाऱ्या गँगमध्ये आहे. तिथला प्लग जळला, म्हणून जास्तीचा वायरलेस सेट चार्जिंगले आमच्या घरी. म्हणे, आई, हात नका लावू, याच लाईनीवर फायरवाले अन् पोलीसही बोलतात. मी कायले हात लावू? चौथी शिकलेली आहो, येडी नाही.

मंगळवार, ४ मार्च, दुपारी १
हात लागला. धूळ पुसत होती. सेटमध्ये एक जण म्हणे, धावपट्टीवर कुत्रं. दुसरा म्हणे, कोण जाते? तिसरा म्हणे, जेवून राहिलो. बाजूचं बटन दाबून म्हटलं, ताट ठेव अन् ऊठ! पाच मिनिटांत कुत्रं बाहेर. तिथं इतके दिवस बोलणारंच कोणी नव्हतं.
उद्यापासून बटन बंद.

गुरुवार, ६ मार्च
फक्त तीनदा दाबलं. बटन दाबून ठेवलं की मध्ये कोणी बोलत नाही. सगळे चूप! घरात मले ही इज्जत कधी भेटली नाही. अंगठा दुखते पण. रबर गुंडाळून पाहीन.
शनिवारी नूतनची परीक्षा. नागपूरचे साहेब खोटी आग लावून पाहणार, फायर, पोलीस अन् तिची गँग एका लाईनीवर कसे चालतात ते. जमलं तर ती गँगची इन्चार्ज. एकटीच्यानं होत नाही तिच्या. मी घरून सांभाळीन. तिले सांगत नाही, उगाच उपकार वाटतात.

शनिवार, ८ मार्च, दुपारी १२
बटनावर रबर लावलं. फायरवाल्यायले म्हटलं पाणी भरून ठेवा, पोलिसायले म्हटलं उन्हात टोप्या घाला. एकही उलट बोलला नाही. मग शेजारची शामकला आली वड्या घालायले. तिले सांगितलं, नूतनच्या भाजीत मीठ नसते, पण पाचले उठून ड्युटीवर जाते, माझ्या पोरापेक्षा, टिकारामपेक्षा जास्त कमावते, त्याले सांगू नको. मस्त गेली सकाळ. परीक्षा पास समजा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नूतन घरी आली. साहेब म्हणे चाळीस मिनिटं लाईन जाम. आग विझवायचा हुकूम कोणालेच पोचला नाही. फायरची गाडी गेटावर उभी, पोलीस टोप्या घालून उभे, अन् सगळे वड्यायचं ऐकून राहिले. शेवटी नूतन सायकलवर एकेकाले सांगत फिरली. मी म्हटलं, सेटच खराब असन. तिनं रबर दाखवलं. लाल. माझ्या औषधाच्या डबीचं.

सोमवार, १० मार्च
सेट गेला. पानाचा डबा परत फ्रिजवर. तिचं इन्चार्ज होणं अडकलं. आधी घरून कोण बोललं त्याचा जबाब पाहिजे, साहेब आज घरीच येऊन राहिले. फायरवाल्यायनं तिले मिठाची पुडी दिली म्हणे. आज तिनं भाजी केली, खारट. मी दोनदा घेतली.
साहेबाची गाडी वाजली. मी मागच्या दारानं शेतावर चालली. नूतनची चूक नाही हे शामकलानं साहेबाले पहिले सांगायचं, बाकीचं मग. जबाब तिनंच द्यावा. सेटवर तिचाही आवाज होता.