पोह्यांच्या रांगेबद्दल

मी, गुणवंत शांताराम पाटणकर, वय एकाहत्तर, राहणार सिव्हिल लाइन्स, जबलपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाखाली सही कशी होते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

१. राहता फ्लॅट पत्नी शरयू हिला, तिच्या पश्चात मुलगी मैत्रेयी हिला. बँकेतील ठेवी दोघींना निम्म्या-निम्म्या.

२. किरणोत्सर्ग मोजण्याचं यंत्र भंगारात द्यावं. निवृत्तीच्या वेळी ते कोणी परत मागितलं नाही. त्यात सेल नाहीत. अपघाताच्या दिवशीही नव्हते.

३. मी एका अणुवीज केंद्रात आपत्कालीन अधिकारी होतो. केंद्राचं नाव लिहून कागद विटाळत नाही. सरावाला गावकरी येत नसत, म्हणून भोंगा वाजला की शाळेच्या मैदानावर पोहे वाटायचे, ही शक्कल माझीच. सराव यशस्वी, फोटो झकास. मग अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी खरोखरच किरणोत्सारी वायू गळला. अशा वेळी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, हे आम्ही कोणाला शिकवलंच नव्हतं. भोंगा ऐकून चारशे माणसं लेकराबाळांसह उघड्यावर पोह्यांच्या रांगेत उभी राहिली. स्वयंपाकीण राधाबाईंनी नेहमीप्रमाणे चूल पेटवली. लोकांना हलवायच्या बसगाड्या साडेचार तासांनी आल्या, कारण त्या केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांना देवदर्शनाला घेऊन गेल्या होत्या. अहवालात लिहिलं, 'मैदान पंचवीस मिनिटांत रिकामं.' खाली माझी सही. मला स्वतःची किळस येते.

४. ते साहेब माझ्या शोकसभेला आले तर बोलू देऊ नये. चहाही देऊ नये.

५. राधाबाई आता गोहलपुरात भाच्याकडे राहतात. गळ्यात गाठ आहे. उपचाराच्या खर्चाचा अर्ज माझ्याच अहवालावर बोट ठेवून फेटाळला गेला. परवा त्या घरी आल्या. म्हणाल्या, "मैदान रिकामं होतं, तर मी पोहे कोणासाठी करून राहिली होती, साहेब?"

खऱ्या वेळा लिहिलेली मूळ नोंदवही माझ्याकडे आहे. ती माझ्या मृत्यूनंतर राधाबाईंना द्यावी, असं इथे लिहीत होतो. मैत्रेयीने वाचलं आणि विचारलं, "बाबा, तुमच्याआधी त्याच गेल्या तर?"

सबब हे कलम रद्द. नोंदवही आणि माझा लेखी कबुलीजबाब आज सकाळी राधाबाईंच्या वकिलांना दिला. पेन्शन बंद झालं किंवा खटला झाला, तर पहिल्या कलमातल्या ठेवी त्यातच जातील. शरयूला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा. जाऊ द्या ठेवी. पण अकरा वर्षं काहून थांबले तुम्ही?"



सही: गुणवंत शांताराम पाटणकर

पाटणकरांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: रत्नाकर भालेराव, मेघना सप्रे
जबलपूर, १२ जानेवारी २०२६