भिंतीकडेच्या बाईसाहेब

सोमवार, ४ तारीख

माझ्या गादीला वास येतोय! मामी म्हणते, "तूच आंघोळीची टाळाटाळ करतेस." वा! मामाच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत चिचुंद्री फिरते, मी तिथेच झोपते, आणि वास मात्र माझ्या नावावर.

मंगळवार, ५

संध्याकाळी बाईसाहेबांचं दर्शन झालं. करडा रंग, हे एवढं लांब नाक. कायम भिंतीला चिकटून चालणार — खोलीच्या मधून जाणं बहुतेक त्यांच्या शानीला शोभत नाही! डोळे असून नसल्यासारखे. माझ्या चपलेवर आपटल्या, वर मलाच चींऽ चींऽ करून रागावल्या आणि वास सोडून गेल्या. निदान सॉरी तरी!

बुधवार, ६

शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं मामाने बांधून ठेवलीत. त्यातल्या नऊ पुस्तकांच्या पाठीवरचं कापड खरवडलेलं! मामा लालेलाल. "सोमवारी मुख्याध्यापक येणार न्यायला. अशी पुस्तकं बघून पुन्हा काम देतील का ते? ही चिचुंद्रीच, दुसरं कोण!"

खटला दोन मिनिटांत संपला. आरोपीला बोलावलंसुद्धा नाही. मी साक्ष दिली — गादीच्या वासाची.

गुरुवार, ७

पिंजऱ्यात पाव लावला होता. पाव जसाच्या तसा. बाईसाहेबांना आमचं जेवण पसंत नाही.

शुक्रवार, ८

शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "अगं, ती उंदीर नाहीच मुळी. किडे खाते — झुरळं, अळ्या. आणि सारखं खावं लागतं तिला. काही तास उपाशी राहिली तर जगणं कठीण." म्हणजे दिवसभर तोंड चालू! आमच्या घरी असे एक मामा आहेतच.

"आणि पिल्लं झाली ना, की—" बाई पुढे सांगत होत्या, पण घंटा झाली. मी पळाले. मला हवं ते मिळालं होतं.

घरी येऊन मेलेली दोन झुरळं शिवणीच्या दोऱ्याने पिंजऱ्यात टांगली. मामा म्हणाला, "डोकं आहे हं तुला!" मी टम्म फुगले.

शनिवार, ९. सकाळ

सापडली! मामा सायकलवरून पिंजरा घेऊन गेला आणि पुलाखाली, दगडांच्या ढिगाजवळ तिला सोडून आला. मी दारातून टाटा केला. गादीचा वास गेला म्हणजे गेलाच!

शनिवार, दुपार

मामाने गठ्ठा बांधायला म्हणून पुस्तकांची थप्पी उचलली. मागे झुरळांची पलटण! अगदी रंगेहाथ — पुस्तकांच्या पाठी खरवडत बसलेली.

मामी म्हणाली, "खळीत मोरचूद घातला नव्हतात का?"

मामा मान खाली घालून म्हणाला, "मुलं बोटं चाटून पानं उलटतात. विषारी असतो तो. म्हणून या खेपेला नाही घातला."

म्हणजे मामाने किडे मारणाऱ्या मोरचुदाशिवाय चिकटवायची पिठाची खळ शिजवली, झुरळं जेवायला आली, चिचुंद्री ती झुरळं खात होती. फुकटात पहारा! आणि आम्ही पहारेकऱ्यालाच हाकललं. तेही कुणाच्या डोक्यामुळे? माझ्या. "झुरळं खाते" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्याचा उपयोग काय केला, तर आमिष! फार वाईट वाटतंय. जीभ चावावीशी वाटतेय.

शनिवार, संध्याकाळ

बाई काय सांगणार होत्या ते कळलं.

कागदाच्या कातरणांतून चार पिल्लं बाहेर आली. प्रत्येकाने पुढच्याची शेपूट तोंडात धरलेली. भिंतीकडेने, एका रांगेत. पुढे आई नाही. रांग माझ्या पायाशी आली आणि पहिल्याने माझ्या पायजम्याची कड तोंडात धरली.

मामा, सायकल काढ! लगेच!