नाव स्पष्ट उच्चारावे

अमरावती,
आषाढ, १९६२

प्रिय शकुन, तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

हे पत्र मंडळाच्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कागद जाड आहे, शाई फुटत नाही, आणि या पत्रिकांचा आता दुसरा काही उपयोग उरलेला नाही. उलटून पाहिलंस तर ‘वृक्षसंवर्धक मंडळ, अमरावती’ याच्या खाली अध्यक्ष म्हणून तुझ्या बाबांचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं दिसेल. निवडणूक व्हायच्या आधीच त्यांनी पत्रिका छापून आणल्या. मी म्हटलं होतं, निकाल तर लागू द्या. तर म्हणाले, मंडळ निघालं तेव्हापासून मीच निवडून येतो आहे, यंदा असं काय होणार आहे? यंदा मळेवाल्या पार्बताबाई निवडून आल्या आणि माझी कागदाची वर्षभराची सोय झाली.

गुडघा दाखवायला अकोल्याला आलो, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. गुडघ्याला काही झालेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा अंबादेवीच्या देवळात माझ्याबरोबर आले होते आणि येताना माझ्यापुढे झपाझप चालत होते, बोलावं लागू नये म्हणून. ते रुसले आहेत. नुसते रुसून बसले असते तर मी चार दिवस वाट पाहिली असती. पण तुझ्या घरी बसून त्यांनी नत्थुजींना अर्ज धाडला आहे. नत्थुजी म्हणजे मंडळाचे चिटणीस, शिक्का मारल्याशिवाय पाणीही न पिणारे, ते तुला आठवत असतीलच. अर्जात लिहिलं आहे की रिवाजामुळे बायकांना उमेदवाराचं नाव उच्चारता आलं नाही, सबब त्यांची मतं बाद धरावीत आणि ज्यांना नाव घेता येत नाही अशांना यापुढे सभासद करू नये. येत्या रविवारच्या सभेत त्याचा निर्णय व्हायचा आहे. अर्ज मंजूर झाला तर पार्बताबाई जातील आणि आम्ही सगळ्या पुन्हा चहाच्या पातेल्याशी. तुझ्या बाबांनी तुला यातलं काय सांगितलं असेल ते मला दिसतंच आहे, म्हणून मी पहिल्यापासून सांगते.

पहिला वनमहोत्सव तुला आठवत असेल. तू फ्रॉक घालून स्वागतगीत म्हटलं होतंस आणि मधलं कडवं विसरून पहिलंच दोनदा म्हटलं होतंस. तेव्हा मंडळात बायकांची कामं दोन, गाणं आणि चहा. पुरुषांनी कॅम्पाच्या रस्त्याला कडुलिंबाची रोपं लावली, हार घातले, फोटो काढला. चैत्रात रोपं वाळली. पुढच्या आषाढात त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली आणि नवा फोटो काढला. एका वर्षी वनखात्याचे साहेब येणार म्हणून आम्हाला प्रत्येक रोपाभोवती रांगोळी काढायला लावली होती. त्या रांगोळीत शिरगोळ्याच्या भुकटीबरोबर तांदळाचं पीठ होतं. साहेबांच्या आधी बकऱ्या आल्या. त्यांनी रांगोळी चाटली आणि तोंडी लावायला रोपं खाल्ली.

मग महिला शाखा निघाली. झाडांच्या मंडळात शाखा म्हटल्यावर मला फार आनंद झाला, देवीला नारळ दिला. पण त्या शाखेला चहापानाखेरीज दुसरं पान काही फुटलं नाही. मी मॅट्रिक, म्हणून साखरेचा हिशेब माझ्याकडे आला. पुढे आपला भाग दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा आम्हाला ‘निमंत्रित’ केलं. निमंत्रित म्हणजे सभेला यायचं, दाराजवळच्या सतरंजीवर बसायचं, ऐकायचं, बोलायचं नाही. एवढं पार्बताबाईंना कुणी नीट समजावलं नव्हतं. त्यांचा मळा त्या रस्त्यालाच लागून आहे, वांगी, मेथी, शेवंतीची फुलं, आणि विहिरीला पाणी. बाईंचा आवाज एवढा की मळ्यातून बोलल्या तर रस्त्यावरचा टांगा थांबतो. त्या सभेत उठून तुझ्या बाबांना म्हणाल्या, “मास्तर, झाडाले हार कायले घालून राह्यले? पानी घाला. उन्हाळ्यात पाळ्या लावा, माणसाईच्या बी लावा, बायाईच्या बी.” तुझ्या बाबांनी हसून घंटी वाजवली. नत्थुजींनी इतिवृत्तात लिहिलं, ‘एका भगिनीने चर्चेत व्यत्यय आणला.’

तो व्यत्यय मात्र आम्हाला पटला. त्या चैत्रापासून बाईंच्या विहिरीवरून आम्ही बायका आळीपाळीनं घागरी नेऊ लागलो. मी, तुझी काकू चतुराबाई, धर्मपाल साहेबांच्या इंदूबाई, आणखी गल्लीतल्या काहीजणी. त्या रस्त्याला आज जी उभी आहेत ती झाडं तेव्हाची. वार्षिक अहवालात ती ‘मंडळाच्या अथक परिश्रमांमुळे’ जगली असं छापून आलं, आणि परिश्रम करणाऱ्या मंडळाच्या सभासद नव्हत्या.

यंदा वनखात्याचे साहेब म्हणाले की मंडळात महिला सभासद नाहीत हे बरं दिसत नाही, आणि एकच उमेदवार उभा राहून दरवर्षी तोच निवडून येतो हेही बरं दिसत नाही. तुझ्या बाबांनी तीन युक्त्या काढल्या आणि तिन्ही मला रात्रीच्या जेवणाला मोठ्या कौतुकानं सांगितल्या. एक, महिला शाखा सगळीच्या सगळी सभासद करून घ्यायची, म्हणजे घरचीच मतं. दोन, समोर कुणीतरी हवं म्हणून शोभेपुरतं पार्बताबाईंचं नाव सुचवायचं. आणि तीन, मागच्या वेळी उमेदवार एकच असूनही डब्यात डोक्यांपेक्षा चिठ्ठ्या जास्त निघाल्या होत्या, म्हणून यंदा उघड मतदान. ‘प्रत्येकाने उभे राहून आपल्या उमेदवाराचे नाव स्पष्ट उच्चारावे.’ हा नियम त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. मी त्यांना पोळी वाढत होते. मला वाटलं, हे आता थांबतील, यांच्या लक्षात येईल. त्यांनी लोणचं मागितलं.

सभा भरली. पेरणी चालू असल्यामुळे पुरुष थोडे आले होते, सतरंजी मात्र भरली होती. पहिल्यांदा चतुराबाईचं नाव पुकारलं. ती धाकट्या भावाची बायको, थोरल्या दिराचं नाव कशी घेणार? ती पदर ओढून म्हणाली, “ते.” नत्थुजी म्हणाले, “‘ते’ नावाचा उमेदवार कागदावर नाई.” ती म्हणाली, “ते नाई का बसले समोर, काळ्या टोपीवाले.” नत्थुजींनी मान वर करून पाहिलं. “काळ्या टोप्या सहा जणाईच्या डोक्यावर हायेत, बाई.” “मंग राहू द्या, पार्बताबाई लिवा,” म्हणून ती खाली बसली. दुसरीच्या सासऱ्याचं नाव तेच, तिनंही पार्बताबाई लिहायला सांगितलं. तिसरी म्हणाली, “मास्तर.” तर मास्तर तिथे तिघं होते आणि तिघांनीही ओ दिली. “कोनते मास्तर?” म्हटल्यावर ती म्हणाली, “जे मले शिकवत होते ते. गुरूचं नाव तोंडानं घेत नाईत.” तिचंही मत पार्बताबाईंकडे गेलं. तुझे बाबा अजून हसत होते. मग इंदूबाई उठल्या. त्यांना कुणाचंही नाव घ्यायला अडचण नाही, आपल्या नवऱ्याला त्या चारचौघांत ‘धर्मपाल’ म्हणतात. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पार्बताबाईंचं नाव घेतलं. तुझ्या बाबांच्या जरा लक्षात यायला हवं होतं ते इथे.

शेवटी मी. सगळ्या सभेनं माना वळवल्या. नत्थुजींसारख्या माणसालाही दया आली, म्हणाले, “वहिनी, तुम्ही नुसतं बोट दाखवा, मी समजून घेतो.” तर तुझे बाबाच उठले. “नियम म्हणजे नियम. घरच्या माणसाला सवलत नको.” मी उभी राहिले, देवीचं स्मरण केलं आणि पार्बताबाईंचं नाव घेतलं.

त्या रात्री ते जेवले नीट. दुसऱ्या दिवसापासून मात्र येईल त्याला सांगू लागले की मी मतांनी हरलो नाही, रिवाजानं हरलो. दुधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. माझी त्यात बिचारी म्हणून कीव केली, हिच्या मनात मीच होतो पण जीभ अडली. माणसाला एवढा आधार असावा, असं मला वाटलं. मग ते अकोल्याला आले आणि तिथून अर्ज आला.

काल पार्बताबाई मेथी घेऊन आल्या होत्या. ओट्यावर बसून म्हणाल्या, “बाई, मास्तर कावून रुसले? मले तं कागदावरचं काई समजत नाई. रैवारी खड्डे खनाचे हायेत, दोरी कोन धरन? मागं नत्थुजीनं धरली होती तं रांग नाल्यात गेली.” ते खरं आहे, शकुन. तुझ्या बाबांसारखी सरळ रांग या गावात कुणाला आखता येत नाही. एक डोळा मिटून, दोरी ताणून, जमिनीवर पालथे पडून पाहतात, तेव्हा मला अजून लग्नाच्या वर्षातले वाटतात. बाईंनी रांगेचं काम त्यांच्या नावावर ठेवलं आहे, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. उन्हाळ्याच्या पाण्याच्या पाळ्याही लावल्या आहेत, पुरुषांच्याही. त्यात त्यांचा वार गुरुवार आहे. माझाही गुरुवारच आहे, तो मी मागून घेतला.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. पत्र खरं त्यांनाच लिहायचं होतं, पण पाकिटावर नाव कसं घालू? म्हणून तुझ्या नावानं धाडते आहे. रात्रीची जेवणं झाली की त्यांना समोर बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव. मीच नंतर वाचतो, आत्ता चष्मा सापडत नाही, असं म्हणाले तर तो त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असतो. त्यांना म्हणावं, तुमच्या मुलीच्या लग्नात विहिणींनी दार अडवलं तेव्हा मी एकामागून एक उखाण्यांत तुमचं नाव घेतलं होतं, मांडवभर ऐकू गेलं होतं, तुम्हीच लाजून बाहेर गेला होता. उखाण्यात नाव घ्यायला देवाधर्माची आडकाठी नाही, आणि नियमात तरी उखाणा चालणार नाही असं कुठे लिहिलं होतं? सभेच्या दुपारी आम्ही सगळ्या देवीच्या देवळात बसलो होतो. तिथे काय बोलणं झालं ते देवीला ठाऊक आहे. जीभ कुणाचीच अडली नव्हती. तुमच्यावर राग म्हणूनही नाही. रांग तुम्ही आखा, पण अध्यक्ष चैत्रातही रस्त्यावर दिसणारा हवा, म्हणून मी पार्बताबाईंना मत दिलं. तो अर्ज परत घ्या. नाही घेतलात तर रविवारी भर सभेत मी उभी राहीन, नत्थुजींनी लिहून घ्यावं असं स्पष्ट तुमचं नाव घेईन, आणि मत पुन्हा पार्बताबाईंनाच देईन. उखाणा जुळवून ठेवला आहे. त्यापेक्षा शकुन, त्यांना शनिवारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरवून दे. मी टांगा घेऊन येते, येताना दोघांत एकच भाडं पडेल. तो उखाणा सभेत वाया घालवण्यापेक्षा इथेच घालते, वाचताना शेवटचा शब्द तूही सांभाळून घे, बापाचं नाव आहे:

रोप लावलं आषाढात, चैत्रात निथळतो घाम,
घागर भरून ठेवली आहे, घरी या शालिकराम.

तुझीच,
आई